रग्बी लीगचा हूकर: आधी कामाचा बोजा मोजा, मग शैली ठरवा

हूकर म्हणजे टॅकलनंतर खेळात परत आलेला चेंडू सगळ्यात आधी उचलणारा खेळाडू. त्याच्याबद्दल बोलणं निघालं की विषय लगेच डमी हाफमधून, म्हणजे त्या चेंडू उचलण्याच्या जागेवरून, मारलेल्या धावांवर जातो. रकच्या (टॅकल झालेल्या जागेच्या) मागून सुटलेला खेळाडू, गोंधळलेले प्रॉप (मधले जड खेळाडू) आणि तीस मीटरची मोकळी धाव. त्या धावेआधीच्या दहा मिनिटांत त्याच खेळाडूने किती टॅकल केले होते, म्हणजे चेंडूवाल्याला किती वेळा पकडून पाडलं होतं, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. संघ बांधणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. हूकरची शैली त्याच्या कौशल्यावर जेवढी ठरते, तेवढीच बचाव करून झाल्यावर त्याच्या पायांत काय उरतं यावरही ठरते. म्हणून हा लेख थोडा उलट क्रमाने जातो: आधी बोजा, मग शैली, मग दोन्हींची मोट.

पायरी १: कामाचा हिशेब मांडा

नऊ नंबरची जर्सी घालणाऱ्याला हूकर हे नाव स्क्रममधून आलं. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड (पुढच्या फळीतले दणकट खेळाडू) चेंडूसाठी एकमेकांना भिडतात तो डाव. एके काळी स्क्रममधला चेंडू पायाने आपल्या बाजूला ओढणं हेच त्याचं मुख्य काम होतं आणि त्यावरच त्याची किंमत ठरायची. आज लीगच्या स्क्रममध्ये चेंडूसाठी खरी झुंज जवळपास होतच नाही. रग्बी युनियनसारखा लाइनआउटही (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांत उभं राहून झेलणं) इथे नाही. त्यामुळे युनियन पाहून आलेल्यांनी ती प्रतिमा बाजूला ठेवावी. लीगचा हूकर म्हणजे डमी हाफ, आणि बचावात मधल्या पट्ट्याचा मजूर.

आता आकडे. एका सेटमध्ये, म्हणजे चेंडूच्या एका ताब्यात, सहा टॅकल. पूर्ण सेट खेळला तर पाच वेळा प्ले-द-बॉल होतो (पाडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे देतो) आणि त्यानंतर बहुतेकदा किक. एखाद्या संघाला सामन्यात ३५ सेट मिळाले असं धरलं तर १७५ प्ले-द-बॉल होतात. हातून सुटलेले चेंडू, लवकर मारलेल्या किक, झालेले ट्राय (समोरच्या ट्रायलाइनपलीकडे चेंडू टेकवणं) वजा केले तरी शंभराच्या बऱ्याच पुढे आकडा राहतो. विंगर (कडेचा) किंवा फुलबॅकने (सगळ्यात मागचा) डमी हाफमधून मारलेल्या काही धावा सोडल्या तर यातल्या प्रत्येक वेळी कोणीतरी धावत रकच्या मागे पोचायचं असतं, वाकायचं असतं, निर्णय घ्यायचा असतो. तो कोणीतरी म्हणजे हूकर.

चेंडू गेला की हाच खेळाडू बचावाच्या मधल्या भागात उभा राहतो, जिथे प्रतिस्पर्धी प्रॉप सरळ अंगावर येतात. पूर्ण ८० मिनिटं खेळणाऱ्या हूकरचे ४० टॅकल झाले तर कोणाला नवल वाटत नाही. पन्नाशीही अधूनमधून दिसते. टॅकल झाला की उठून मार्करला, म्हणजे प्ले-द-बॉल करणाऱ्याच्या थेट समोर, उभं राहायचं, नाहीतर १० मीटर मागे पळायचं. थकवा धावण्यामुळे कमी येतो आणि या उठबशीमुळे जास्त.

पायरी २: तुमच्या हूकरचे सामने चार तुकड्यांत पाहा

मागच्या दोन-तीन सामन्यांचं चित्रण काढा आणि सामन्याचे २०-२० मिनिटांचे चार भाग करा. प्रत्येक भागात एवढंच नोंदवा: केलेले टॅकल, हुकलेले टॅकल, डमी हाफमधून मारलेल्या धावा, किती वेळा रकपाशी उशिरा पोचला, आणि पास पकडणाऱ्याच्या छातीसमोर गेला की त्याला थांबून किंवा वाकून घ्यावा लागला. महागडी यंत्रणा लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते.

पहिल्या आणि चौथ्या भागाची तुलना करा. तिथे तीन प्रकारची माणसं सापडतात. एकाचे आकडे शेवटपर्यंत जवळपास सारखे राहतात. दुसऱ्याचे टॅकल टिकतात, पण धावा बंद पडतात आणि पास खाली येतो. तिसऱ्याचं उलट: चेंडू हातात असताना तो ताजा दिसतो, पण टॅकल हुकू लागतात. तिसरा ओळखणं सगळ्यात अवघड, कारण प्रेक्षकांना आणि कधी कधी प्रशिक्षकालाही तो छान खेळतोय असंच वाटत राहतं.

टॅकलची नुसती बेरीज फसवी असते. ५० मिनिटांत ३० टॅकल म्हणजे मिनिटाला ०.६, आणि ८० मिनिटांत ४० म्हणजे ०.५. पहिल्याचा आकडा लहान असला तरी कामाचा दर त्याचाच जास्त. दर काढल्याशिवाय दोन हूकरांची तुलना करू नका. तुमच्या संघाच्या हातात चेंडू किती वेळ होता हेही शेजारी लिहून ठेवा. सतत बचाव करणाऱ्या संघाचा हूकर कागदावर कष्टाळू दिसणारच.

पायरी ३: शैली ओळखा

शुद्ध एकाच प्रकारचा हूकर क्वचित सापडतो, पण कल कळतो.

पहिला प्रकार सूत्रधाराचा. मेलबर्न स्टॉर्मचा कॅमेरॉन स्मिथ हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. एनआरएलचे (ऑस्ट्रेलियातल्या मुख्य लीगचे) ४३० सामने, आणि पदार्पण ते शेवट एकाच क्लबकडून. वेग ही त्याची ताकद कधीच नव्हती. मार्कर कुठे झुकलाय, कोणता प्रॉप मागे हटताना धापा टाकतोय हे तो आधी हेरायचा आणि रकची गती हवी तशी वाढवायचा किंवा मंद करायचा. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक त्याला २००६ मध्ये मिळालं आणि पुन्हा २०१७ मध्ये. मधली अकरा वर्षं काय सांगतात ते पाहा: ही शैली वयाबरोबर लवकर झिजत नाही, कारण ती पायांवर कमी आणि नजरेवर जास्त चालते. कॅनबेरा रेडर्सकडून खेळलेला इंग्लंडचा जॉश हॉजसन याच वाटेवरचा. खांदा एकीकडे दाखवायचा, चेंडू दुसरीकडे सोडायचा.

दुसरा प्रकार धावणाऱ्यांचा. डेमियन कुक रग्बी लीगबरोबर समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूतल्या स्प्रिंट शर्यतीही धावायचा, आणि साउथ सिडनीकडून खेळताना तो वेग डमी हाफमध्ये दिसायचा. इंग्लंडमध्ये कॅसलफर्डचा डॅरिल क्लार्क असाच; २०१४ मध्ये तो मॅन ऑफ स्टील, म्हणजे तिथल्या सुपर लीगचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला. असा हूकर असला की रकलगतचे बचावपटू पुढे यायला कचरतात आणि बाजूच्या फॉरवर्डना त्याने न धावताही जागा मिळते. २०२० मध्ये एनआरएलने रकमधल्या नियमभंगासाठी पेनल्टीऐवजी सहा टॅकल पुन्हा सुरू करण्याचा नियम आणला, तेव्हा या शैलीचा भाव आणखी वधारला. खेळ थांबत नाही, बचाव रेषेला दम खायला मिळत नाही, आणि दमलेल्या प्रॉपसमोर वेगवान हूकर उभा असतो.

तिसरा प्रकार टॅकल करणाऱ्यांचा. सिडनी रुस्टर्सचा जेक फ्रेंड, ब्रिस्बेनचा अँड्र्यू मॅककुलो, विगन आणि कॅटलान्सचा मायकेल मॅकइलोरम. यांच्या पासमध्ये कलाकुसर कमी, पण मधला पट्टा बंद राहतो आणि पास वेळेवर, हवा तिथे पोचतो. अशा खेळाडूला ‘साधा’ म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. तो बाहेर गेल्यावर पुढच्या पंधरा मिनिटांत मध्यभागी काय होतं ते एकदा मोजून पाहावं.

चौथा, ताकदीचा. सेंट हेलन्सचा कीरन कनिंगहॅम ट्रायलाइनपासून पाच मीटरवर डमी हाफला आला की सगळा बचाव आकसायचा, कारण तो प्रॉपसारखा अंगावर येऊन ट्राय करायचा.

किक हा वेगळा प्रकार न मानता वरच्या कुठल्याही शैलीची पुरवणी समजा. वेस्ट्स टायगर्सच्या रॉबी फराहने तिचा भरपूर वापर केला. डमी हाफमधून मारलेल्या किकवर दबाव कमी असतो, कारण बचावपटू नेहमी किक मारणाऱ्या हाफबॅककडे धावण्याच्या तयारीत असतात. आपल्या ४० मीटर रेषेच्या मागून मारलेला चेंडू मैदानात टप्पा खाऊन प्रतिस्पर्ध्याच्या २० मीटरच्या आत बाहेर गेला की ताबा पुन्हा आपल्याकडे, तेव्हा ही पुरवणी बिनकामाची नाही.

पायरी ४: मिनिटांची वाटणी

इथे खरा निर्णय होतो. एनआरएलमध्ये २०१६ पासून सामन्यात आठ इंटरचेंज (खेळाडूबदल) मिळतात, आधी दहा मिळायचे. दोन्ही प्रॉपना एकदा बाहेर काढून परत आणायचं तर चार संपले. लॉक (तेरा नंबरचा फॉरवर्ड) किंवा आणखी एखाद्या फॉरवर्डसाठी दोन धरा. उरले दोन, आणि त्यातही दुखापतीसाठी एखादा हाताशी हवा. म्हणजे हूकरवर किती इंटरचेंज खर्च करायचे हा चैनीचा प्रश्न नाही.

पहिला पर्याय ८० मिनिटांचा हूकर. बेंचवरची एक जागा जास्तीच्या फॉरवर्डसाठी मोकळी होते, इंटरचेंज वाचतात, निर्णयांत सातत्य राहतं. सूत्रधार शैलीला हा पर्याय मानवतो. धावणाऱ्याला मानवतो तो दोन अटींवर: पहिल्या वीस मिनिटांत त्याने धावा राखून ठेवायच्या आणि बचावात त्याला आडोसा द्यायचा.

दुसरा पर्याय एकदाच बदल. सुरुवात एकाने करायची, साधारण ५०-५५ मिनिटांनी दुसरा. खर्च एकच इंटरचेंज.

तिसरा पर्याय मधला तुकडा बदलण्याचा. मुख्य हूकर २५-३० मिनिटं खेळतो, बाहेर बसतो आणि शेवटच्या टप्प्यात परत येतो. दोन इंटरचेंज जातात, पण सामना रंगात येतो तेव्हा मुख्य माणूस ताजा असतो.

जोडी लावताना एक साधं सूत्र पाळा: टॅकल करणारा आधी, धावणारा नंतर. सुरुवातीला दोन्हीकडचे प्रॉप ताजे असतात, टक्कर जोरात असते, रक संथ असतो. तिथे वेगवान हूकरचे पाय वाया जातात. २०२० च्या स्टेट ऑफ ओरिजिन (क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स) मालिकेचा निर्णायक सामना आठवा. क्वीन्सलँडने जेक फ्रेंडला सुरुवातीला खेळवलं आणि हॅरी ग्रँट बेंचवरून आला. ग्रँटचा तो ओरिजिनमधला पहिलाच सामना, आणि त्यात त्याने ट्रायही केला. पुढे २०२२ मध्ये बेन हंट आणि ग्रँट यांची अशीच वाटणी झाली. सेंट हेलन्समध्ये तर हे बरंच आधी घडलं होतं. कनिंगहॅममागून बेंचवरून येणाऱ्या जेम्स रोबीने २००७ मध्ये मॅन ऑफ स्टील पटकावलं. बेंचवरून येणं म्हणजे दुय्यम, असं समजणाऱ्या तरुण हूकरला हे उदाहरण जरूर सांगा. त्याच रोबीने नंतर मोठा बोजा उचलत वर्षानुवर्षं खेळून क्लबकडून ५०० हून अधिक सामने गाठले. एकच माणूस, पण कारकिर्दीच्या दोन टप्प्यांत त्याचं काम वेगळं.

बदल घड्याळाकडे बघून करू नका. आपल्या ट्रायलाइनवर सलग दोन-तीन सेट अडवून झाले असतील तर ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीच हूकर बदला. उलट आपला संघ सतत चेंडू राखून असेल तर पाच मिनिटं थांबा, त्याच्यावर भार आलेलाच नाही.

पायरी ५: धाव कधी, पास कधी

एकच प्ले-द-बॉल संथ करून पाहू. तिसरा टॅकल. तुमचा प्रॉप पडताना पोटावर, गुडघे आणि कोपरांवर पडलाय, म्हणजे तो झटकन उठणार. हूकर त्याच्या मागे एका पावलाच्या अंतरावर येतो, गुडघे वाकवून बसका. त्याची नजर चेंडूवर अजून गेलेली नाही. टॅकल करणाऱ्यांपैकी एकजण पाठीवर पडलाय, मार्करला एकच माणूस आहे आणि तोही सरळ समोर नसून डाव्या अंगाला सरकलाय. उजवीकडे रकलगतचा पहिला बचावपटू, ज्याला ‘ए’ म्हणतात, अजून मागे-मागे पळतोय, त्याचं वजन टाचांवर आहे. आता नजर चेंडूवर, चेंडू हातात, पहिलं पाऊल उजवीकडे पुढच्या दिशेने.

यातल्या तीन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या: मार्कर एकटा किंवा तिरका, रकलगतचा बचावपटू टाचांवर, आणि आपला खेळाडू लवकर उठलेला. तिन्ही असतील तर धाव. दोन असतील तर दोन पावलं पुढे येऊन ‘ए’ला जागेवर गोठवायचं आणि जवळच्या फॉरवर्डला पास. एक किंवा शून्य असेल तर सरळ जमिनीवरूनच पास. एवढा नियम पाळला तरी निम्म्या फुकट धावा कमी होतात.

टॅकलचा क्रमांकही बघा. शेवटच्या टॅकलला चेंडू घेऊन डमी हाफ पकडला गेला तर ताबा गेलाच. आणि स्वतःच्या ट्रायलाइनजवळून सेट सुरू होतो तेव्हा डमी हाफमधून धावायचं काम विंगर आणि फुलबॅककडे सोपवा. ते मीटर त्यांचे. हूकरने तिथे शक्ती घालवली तर समोरच्या २० मीटरमध्ये तो रिकाम्या हाती पोचतो.

पायरी ६: पास, दमलेल्या अंगाने

डावीकडे पास द्यायचा असेल तर उजवा पाय चेंडूच्या जवळ, डावा पाय पकडणाऱ्याच्या दिशेने. चेंडू जमिनीवरूनच सुटला पाहिजे. आधी छातीशी उचलून मग फेकला की बचाव रेषेला एक पाऊल जास्त मिळतं. उजवीकडे सगळं उलट. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि प्रतिस्पर्धी ती लगेच हेरतात, म्हणून कच्च्या बाजूला दुप्पट पास.

ताज्या अंगाने शंभर पास मारून समाधान मानू नका. सरावाचा साचा असा ठेवा: ३० सेकंद जोडीदाराशी टॅकलची झटापट, दोनदा छातीवर पडून उठणं, १० मीटर मागे पळून परत पुढे, आणि लगेच डावीकडे दोन, उजवीकडे दोन पास. एक मिनिट विश्रांती. सहा फेऱ्यांनी सुरुवात करा. पासची उंची कितव्या फेरीत घसरते ते लिहून ठेवा. पायरी २ मधल्या चौथ्या भागाशी ते बहुधा जुळेल. फेऱ्या वाढवायच्या त्या घसरण पुढे सरकली तरच.

व्यायामात कंबर, मांडीचा मागचा भाग आणि मान यांना प्राधान्य. सतत वाकून उठणाऱ्या आणि आपल्यापेक्षा जड माणसांना अडवणाऱ्या खेळाडूची झीज तिथेच होते.

पायरी ७: बचावात त्याला कुठे उभं करायचं

मध्यभागी ठेवलं तर चेंडू मिळताच तो रकपाशी असतो, पण टॅकल वाढतात. कडेला ठेवलं तर टॅकल कमी होतात, मात्र ताबा बदलल्यावर त्याला पोचायला वेळ लागतो आणि पहिला प्ले-द-बॉल दुसऱ्या कोणाला तरी सांभाळावा लागतो. मधला मार्ग असा: हूकर मध्यभागीच, पण दोन दणकट फॉरवर्डच्या मधे, आणि टॅकलमध्ये पहिला न जाता दुसरा किंवा तिसरा म्हणून पायांशी. पहिली धडक त्याच्या वाट्याला येत नाही. मार्करवरून उठून पाठलाग करण्याचं काम सेटमध्ये एक-दोनदाच त्याच्याकडे द्या, बाकी लॉककडे. धावणाऱ्या हूकरसाठी हा फरक मोठा ठरतो. टॅकल करणाऱ्याला मात्र लपवू नका, त्याची ताकदच तिथे आहे.

लहान मुलांच्या संघात यातलं फारसं काही लागू करू नये. डमी हाफ सगळ्यांना आळीपाळीने द्या.

पायरी ८: आठवडा आणि राखीव माणूस

सामन्यात ४० च्या वर टॅकल झाले असतील तर पुढचे दोन दिवस अंगावर अंग घेणारा सराव नाही. पास चालतील, तेही ताज्या अंगाने आणि थोडे. आठवड्याच्या मधल्या दिवशी वर सांगितलेला दमछाकीचा सराव, सामन्याच्या आदल्या दिवशी फक्त ठरलेल्या चालींची उजळणी. २५-३० मिनिटं खेळणाऱ्या राखीव हूकरचा आठवडा वेगळा हवा. सामन्यात त्याच्यावर भार कमी पडतो, तो सरावात भरून काढला नाही तर एखाद्या दिवशी त्याला पूर्ण ८० मिनिटं खेळावं लागतं तेव्हा साठाव्या मिनिटाला तो कोसळतो.

डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडूला तपासणीसाठी बाहेर काढावंच लागतं, आणि इतके टॅकल करणाऱ्या हूकरच्या बाबतीत ती वेळ कधीही येऊ शकते. वारंवार डोक्याला झालेल्या दुखापतींमुळे जेक फ्रेंडला २०२१ मध्ये खेळ सोडावा लागला. त्यामुळे संघात दुसराच नाही, तिसरा डमी हाफही ठरलेला असावा. बहुधा लॉक किंवा एखादा हाफ. त्याने आठवड्यातून दहा मिनिटं जमिनीवरून दोन्ही बाजूंना पास मारावेत, आणि त्याच्यासाठी चाली दोनच ठेवाव्यात: जवळच्या प्रॉपला सरळ पास, आणि शेवटच्या टॅकलला किक मारणाऱ्याकडे लांब पास. डमी हाफमधून धावायची परवानगी त्याला देऊ नका.